स्टर्न ड्राइव्हच्या तेलात काय दिसतं?

लेबर डे उलटला की इकडच्या तळ्यांवरच्या बोटी एकेक करून ट्रेलरवर चढायला लागतात. तुमच्याकडे बोट असेल, किंवा चार घरांनी मिळून एक घेतली असेल (आपल्या मंडळींत हा प्रकार हल्ली बराच दिसतो), तर तिच्या मागे पाण्यात लोंबणारा ॲल्युमिनिअमचा पाय तुम्ही पाहिलाच असेल. इंजिन बोटीच्या आत, पाय बोटीच्या बाहेर, आणि पायाच्या टोकाला प्रोपेलर. या पायाला स्टर्न ड्राइव्ह म्हणतात. त्याच्या आतले गिअर कशाने खराब होतात, आणि ते उघडून न बघता त्यांची तब्येत कशी ओळखायची, हे आज पाहू या.

हा विषय निवडायचं कारण सांगतो. माझी पीएचडी घर्षण आणि झीज या विषयातली. त्यामुळे ओळखीत कोणी जुनी बोट घ्यायला निघालं की "जरा बघून दे ना" म्हणून फोन येतो. दर वेळी लक्षात येतं की लोक सीटचं कापड बघतात, स्पीकर वाजवून बघतात, इंजिन चालू करून बघतात, आणि ड्राइव्हला हातही लावत नाहीत. खरं तर सगळ्यात महाग पडणारी आणि अडचणीच्या जागी दगा देणारी वस्तू तीच. दुरुस्तीला काही हजार डॉलर सहज जातात, पण पैसे ही दुय्यम गोष्ट. लेक मिशिगनसारख्या पाण्यात वारा किनाऱ्याकडून आत वाहतोय, बोटीत मुलं आहेत, इंजिन व्यवस्थित घरघरतंय आणि बोट मात्र पुढे सरकत नाही, ही परिस्थिती विचार करण्यासारखी आहे. बहुतेक घरगुती बोटींना इंजिन एकच असतं आणि ड्राइव्हही एकच.

ताकद दोन वेळा वळते

इंजिनचा शाफ्ट आडवा असतो आणि प्रोपेलरचाही आडवाच. पण एक पाण्याच्या वर आणि दुसरा पाण्याखाली. म्हणजे ताकद आधी ९० अंशात खाली वळवायची आणि मग पुन्हा ९० अंशात मागे. वरच्या खोक्यात एक गिअरची जोडी आणि खालच्या पाणतीरासारख्या भागात दुसरी, मधे उभा शाफ्ट. हे गिअर शंकूच्या आकाराचे असतात आणि त्यांचे दात सरळ नसून किंचित वक्र, तिरके असतात. तिरक्या दातांमुळे एक दात सुटायच्या आत दुसरा पकड घेतो, म्हणून धक्के आणि आवाज कमी होतो.

शिवाय हा सगळा पाय डावीकडे-उजवीकडे वळला पाहिजे आणि वर उचललाही गेला पाहिजे. त्यासाठी इंजिन आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये युनिव्हर्सल जॉइंटची जोडी असते, आणि तिच्यात पाणी शिरू नये म्हणून बाहेरून रबराचा घड्या पडलेला भाता. ही रचना बाजारात रुळवली ती व्होल्वो पेंटाने १९५९ साली, ॲक्वामॅटिक या नावाने. त्यामागे जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं डोकं होतं. १९६१ मध्ये मर्क्रूझर आलं, आणि आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक बोटींवर या दोघांपैकी एकाचाच पाय असतो.

एक फरक मात्र खरेदीपूर्वी माहीत हवा. मर्क्रूझरच्या अल्फा जातीत पुढे-मागे करणारा क्लच खालच्या खोक्यात, पाण्याखाली असतो. तो दात्यांचा क्लच आहे: खाचेत खाच बसते, नाहीतर बसत नाही, अधलंमधलं काही नाही. ब्राव्हो आणि व्होल्वोच्या ड्राइव्हमध्ये क्लच वरच्या खोक्यात असतो आणि तो शंकूचा, घासून पकड घेणारा असतो. म्हणून अल्फाचा गिअर टाकताना लिव्हर हळूहळू, घाबरत घाबरत सरकवू नये. तसं केलं की खाचांचे कोपरे एकमेकांवर "कट कट कट" आपटतात आणि गोल होतात. एकदा कोपरे गोल झाले की जोर आला रे आला, क्लच निसटतो. इंजिन मंद गतीला आणायचं आणि लिव्हर एका ठाम झटक्यात टाकायचा.

एका दातावर किती भार?

थोडं गणित करू. २५० अश्वशक्तीचं इंजिन मिनिटाला ४६०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतंय असं धरा. २५० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १,८६,००० वॅट. त्याला शाफ्टच्या कोनीय वेगाने भागलं की पीळ येतो सुमारे ३९० न्यूटन-मीटर. छोट्या गिअरची त्रिज्या २५ मिलिमीटर धरली तर दातांवर येणारा जोर होतो साधारण १५,५०० न्यूटन, म्हणजे दीड टनाच्या वर. एका मध्यम आकाराच्या गाडीचं वजन एक किंवा दोन दातांवर, आणि ते दात तुमच्या करंगळीच्या पेराएवढे.

आता किती वेळा? निवांत चालीला, मिनिटाला ३५०० फेऱ्यांवर, छोट्या गिअरचा प्रत्येक दात तासाला २ लाख १० हजार वेळा हा भार झेलतो. शंभर तासांत २ कोटी १० लाख वेळा. कागदाची क्लिप दहा-वीस वेळा वाकवली की तुटते. हा दात कोट्यवधी वेळा वाकूनही टिकतो, कारण तो बनवलाच तसा आहे. पोलाद आतून चिवट ठेवलेलं असतं आणि पृष्ठभागावर कार्बन मुरवून साधारण एक मिलिमीटर जाडीचं कठीण कवच तयार केलेलं असतं. आंब्याच्या कोयीसारखं समजा, बाहेर टणक, आत मऊ. पूर्ण कठीण असता तर दात काचेसारखा तडकला असता, पूर्ण मऊ असता तर पहिल्याच मोसमात झिजला असता.

पण दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांना टेकतात तेव्हा प्रत्यक्ष स्पर्श एका अरुंद पट्टीतच होतो. त्या पट्टीत दाब किती येतो याचं गणित हाइनरिश हर्ट्झने १८८१ मध्ये मांडलं. हो, ज्याच्या नावाने आपण रेडिओची वारंवारता मोजतो तोच हर्ट्झ. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी: सर्वांत जास्त कातरणारा ताण पृष्ठभागावर येत नाही, तर किंचित खाली, मिलिमीटरच्या एका अंशाइतक्या खोलीवर येतो. म्हणून चांगल्या वंगणात चालणाऱ्या दाताला थकव्याची भेग बऱ्याचदा आतून सुरू होते. वरून दात आरशासारखा दिसतो, आत भेग आडवी वाढत जाते, आणि एक दिवस माशाच्या खवल्यासारखा तुकडा सुटून तेलात पडतो. तो खवला तुम्हाला दिसतो तेव्हा आतली गोष्ट बरीच जुनी झालेली असते.

तेल काय करतं, आणि पाणी काय बिघडवतं

दातांमधला दाब १ गिगापास्कलच्या घरात जातो. म्हणजे चौरस सेंटिमीटरला १० टन, दोन भले मोठे हत्ती एका नखावर. इतक्या दाबाखाली तेल पिळून बाहेर का निघून जात नाही? कारण दाबाने तेल दाट होतं, थोडंथोडकं नाही, हजारो पट. क्षणभर ते जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं आणि दातांचं पोलादच किंचित चेपून स्वतःला जागा करून घेतं. या थराची जाडी बहुधा एक मायक्रॉनच्याही आत असते. केसाची जाडी पन्नास ते शंभर मायक्रॉन असते, त्यावरून अंदाज करा. बोटीचं सगळं वजन, सगळा वेग त्या थरावर चाललेला असतो.

पाण्याला ही किमया जमत नाही. दाबाखाली पाण्याचा दाटपणा नगण्यच बदलतो. तेलातला पाण्याचा थेंब दातांच्या मधे आला की त्या जागी थर कोसळतो आणि पोलाद पोलादाला भिडतं. शिवाय पाण्याने गंज धरतो, गंजाचा प्रत्येक खड्डा भेगेला आयतं जन्मस्थान देतो, आणि तेलात मुद्दाम घातलेली गंधक-फॉस्फरसची रसायनं पाण्यामुळे वाया जातात. ही रसायनं म्हणजे शेवटची ढाल: थर तुटला तर ती गरम पोलादाशी संयोग करून एक पातळ लेप तयार करतात आणि दात एकमेकांना चिकटू देत नाहीत.

किती पाणी धोक्याचं? टिमकेन कंपनीतल्या रिचर्ड कँटली यांनी १९७७ मध्ये रोलर बेअरिंगवर केलेले प्रयोग आजही आधाराला घेतले जातात. त्यांच्या सूत्राप्रमाणे तेलात दशलक्ष भागांत १०० भाग पाणी असताना बेअरिंगचं आयुष्य १ धरलं, तर ४०० भागांना ते ०.४४ होतं आणि १००० भागांना ०.२५. म्हणजे चौथा हिस्सा. १००० भाग ऐकायला मोठे वाटतात, पण ते आहेत ०.१ टक्का. ड्राइव्हमध्ये साधारण दोन लिटर तेल मावतं असं धरलं तर हे पाणी झालं २ मिलिलिटर, अर्धा चमचाही नाही. ते प्रयोग एका ठरावीक, पातळ तेलावरचे होते, तुमच्या ८०डब्ल्यू-९० गिअर तेलाला तेच आकडे जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र तीच आहे. एका वर्कशॉपमध्ये "थोडं दुधाळ तर सगळ्यांचंच असतं" असं मला सांगण्यात आलं होतं, तेव्हा मी हेच आकडे कागदावर लिहून दाखवले. त्यांना फारसं पटलं नाही. तेल चहासारखं दुधाळ दिसायला लागतं तोवर पाणी सहसा या ०.१ टक्क्याच्या पलीकडे गेलेलं असतं.

पाणी आत येतं कुठून? मुख्य गुन्हेगार प्रोपेलर शाफ्टचं सील, आणि त्या सीलचा मुख्य शत्रू मासेमारीची नायलॉनची दोरी. पाण्यात तरंगणारी दोरी शाफ्टला गुंडाळली जाते, प्रोपेलरमागे सरकत सरकत सीलच्या ओठाखाली घुसते आणि तो कापते. ती बाहेरून दिसत नाही. म्हणून मोसमात एकदा-दोनदा तरी प्रोपेलर काढून शाफ्ट बघायचाच. दुसरं कारण म्हणजे श्वास. दिवसभर चालून गरम झालेला ड्राइव्ह संध्याकाळी गार पाण्यात उभा राहतो, आतलं तेल आणि हवा आकसते, आत किंचित निर्वात होते आणि थकलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. चालताना न गळणारा ड्राइव्ह उभ्या उभ्या पाणी पितो तो असा.

न उघडता तपासणी

आधी सुरक्षेचं. बोट ट्रेलरवर, चाकांना अडणी, आणि इंजिनची किल्ली काढून तुमच्या स्वतःच्या खिशात. प्रोपेलरजवळ हात असताना कोणी उत्साही मूल किल्ली फिरवणार नाही याची खात्री पाहिजे.

बोट रात्रभर हलवू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. सकाळी ड्राइव्ह पूर्ण खाली करून तळाचा स्क्रू थोडासाच सैल करा आणि पहिले चमचाभर थेंब वेगळ्या काचेच्या बाटलीत घ्या. सुटं पाणी असेल तर ते आधी बाहेर येईल. जुनी बोट विकत घेताना ही एकच चाचणी करायला विक्रेता तयार नसेल तर मी तरी ती बोट घेणार नाही. तपासणी इंजिन चालू करण्याआधी व्हायला हवी, एकदा इंजिन फिरलं की सगळं घुसळून निघतं.

मग वरचा हवेचा स्क्रू काढून सगळं तेल निथळू द्या आणि मोजा. पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी निघालं तर गळती आहे, जास्त निघालं तर पाणी आलंय. ज्या मर्क्रूझरला इंजिनच्या खणात तेलाची छोटी बाटली असते, तिथे तर हे रोजचं मोजमाप आयतंच मिळतं: पातळी उतरत गेली तर गळती, चढत गेली आणि थंड झाल्यावरही चढलेलीच राहिली तर पाणी.

तेल गढूळ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. हवेच्या बारीक बुडबुड्यांनीही ते तसं दिसतं. बाटली एक रात्र ठेवा. बुडबुडे निघून जातील आणि तेल स्वच्छ होईल, पाण्याने झालेलं दूध मात्र तसंच राहील किंवा तळाला थर धरेल. आणखी खात्री हवी असेल तर फोडणीची चाचणी करा, पण ती घरातल्या कढईत नाही! बाहेर, जुन्या पत्र्यावर, डोळ्यांना चष्मा लावून. पत्रा पाणी उकळण्याच्या तापमानापेक्षा बराच गरम, दीडशे अंशांच्या आसपास ठेवा, धूर येण्याइतका नको, आणि तेलाचा एकच थेंब टाका. ओल्या कढीपत्त्यासारखा तडतडला तर पाणी आहे. गंमत नाही, प्रयोगशाळांतही प्राथमिक चाळणी म्हणून हीच चाचणी करतात.

वास घ्या. गिअर तेलाला गंधकाचा वास असतोच, नवं असतानाही, त्याचं काही नाही. जळका, करपलेला वास आणि काळपट रंग दिसला तर तेल फार तापलंय.

आता धातू. बऱ्याच ड्राइव्हच्या तळाच्या स्क्रूला चुंबक असतं. त्याच्यावर राखाडी, मऊ, काजळासारखी साय दिसेल. ती दोन बोटांत चोळा (बोटीच्या तेलात बोट घालायचं, हा विनोद एकदाचा होऊन जाऊ द्या). काहीच टोचलं नाही तर ती सामान्य झीज आहे, पुसून टाका. वाळूसारखं टोचलं, किंवा उजेडात चमकणारे चपटे खवले दिसले, तर वर सांगितलेला थकवा दातात किंवा बेअरिंगमध्ये सुरू झालाय. सुईसारखे किंवा कोनाड्यासारखे जाड तुकडे म्हणजे दाताचा टवका उडालाय, आणि मग इंजिन चालू करण्याचा प्रश्नच नाही. चुंबकाला फक्त पोलाद चिकटतं हे विसरू नका. निथळलेलं तेल कॉफीच्या पांढऱ्या फिल्टर कागदातून गाळा. चंदेरी पण चुंबकाला न चिकटणारा चुरा म्हणजे ॲल्युमिनिअम, बहुतेक वेळा एखादं बेअरिंग आपल्या घरट्यात फिरून खोकं खातंय. एवढं सगळं करायचं नसेल तर शंभर मिलिलिटर तेल बाटलीत भरून एखाद्या तेल-प्रयोगशाळेला पाठवा. लोह, पाणी, तांबं सगळ्याचे आकडे मिळतात आणि दरवर्षीचे आकडे शेजारी ठेवले की एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

आवाजाबद्दलही थोडं. स्टिअरिंग वळवल्यावर जो आवाज बदलतो, वळणावर खडखड वाढते किंवा गुरगुर येते, तो बहुधा युनिव्हर्सल जॉइंटचा किंवा त्यामागच्या बेअरिंगचा असतो. गिअरची शिट्टी स्टिअरिंगने बदलत नाही, ती इंजिनवरचा भार वाढवला-कमी केला की बदलते. आणि इंजिन सुसाट फिरतंय पण बोट ढिम्म, असं झालं तर गिअर मेले असं समजून रडू नका. प्रोपेलरच्या आत एक रबराचा हब असतो, तो खडकावर आपटल्यावर घसरून गिअर वाचवण्यासाठीच घातलेला आहे. आतल्या नळीपासून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, बोट थोडी चालवा, पुन्हा बघा. रेघ तुटली असेल तर खर्च प्रोपेलरपुरताच आहे.

उघडावंच लागलं तर

खवले सापडले तर उघडण्याला पर्याय नाही. ड्राइव्ह बोटीवरून उतरवणं घरी होऊ शकतं. पण गिअर बसवणं मात्र अनुभवी माणसाकडे सोपवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी त्याने काय करायला हवं हे तुम्हाला माहीत असू द्या, म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतील.

आधी दात वाचायचे. नव्या दातांची चकाकी, किंवा एकसारखा मंद मॅट पट्टा, ठीक. दाताच्या मध्यरेषेच्या किंचित खाली बारीक खड्ड्यांची रांग दिसली तर ती वाढत जाणारी आहे. दाताच्या उंचीच्या दिशेने ओरखडे आणि टोकाकडे खरवडलेला धातू म्हणजे तेलाचा थर फाटून दात एकमेकांना चिकटले होते, कमी तेल किंवा चुकीचं तेल. निळसर छटा दिसली तर पोलाद ३०० अंशांच्या घरात तापलंय आणि त्याचं कठीण कवच नरम पडलंय, तो गिअर कितीही गुळगुळीत दिसला तरी बाद. बेअरिंगच्या कड्यावर सारख्या अंतरावर तपकिरी रेघा दिसल्या, आणि ते अंतर रोलरमधल्या अंतराएवढं असलं, तर हिवाळाभर पाणी घेऊन उभा राहिलेला ड्राइव्ह आहे हा.

तुटलेला दात असेल तर तो फेकू नका. तुटलेल्या भागावर समुद्राच्या ओल्या वाळूत लाटा सोडून जातात तशा वक्र रेषा असतील, तर भेग महिनोन्महिने वाढत होती. रेषा नसून सगळीकडे खडबडीत, दाणेदार असेल तर एकाच धक्क्यात मोडलाय. हे कळणं महत्त्वाचं, कारण उपाय वेगळे. दुसऱ्या प्रकारात दोष चालवण्यात असतो: लाटेवरून उडी मारताना प्रोपेलर हवेत येतो, भार जाऊन इंजिन एकदम सुसाटतं, आणि पुढच्या क्षणी प्रोपेलर पाण्यात आपटतो. फिरणाऱ्या सगळ्या वस्तुमानाची ऊर्जा तेव्हा दोन दातांवर येते. ज्याला उड्या मारायला आवडतं त्याने हवेत असताना तरी थ्रॉटल सोडावा.

शंकूच्या आकाराचे गिअर जोडीनेच बनतात, एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यामुळे एक बदलला की जोडीदारही बदलायचा. "एकच खराब आहे, दुसरा चालेल" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. नवी जोडी बसवताना तीन गोष्टी मोजायच्या असतात: छोट्या गिअरची खोली, बेअरिंगवरचा आधीचा दाब, आणि दातांमधली मोकळीक. ही मोकळीक मिलिमीटरच्या काही दशांशांची असते आणि ०.०५ मिलिमीटरच्या टप्प्याने मिळणाऱ्या पातळ चकत्या घालून-काढून जुळवतात. मोकळीक फार कमी ठेवली तर गरम झाल्यावर तेलाला जागा उरत नाही, फार जास्त ठेवली तर दर गिअर टाकताना दात आपटतात. शेवटी दातांना रंगाचा लेप लावून, थोडा रोध देऊन गिअर फिरवतात आणि उमटलेला ठसा बघतात. हलक्या भाराला ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या अरुंद टोकाकडे हवा. कारण खरा भार आला की खोकं आणि शाफ्ट लवतात आणि ठसा बाहेरच्या रुंद टोकाकडे सरकतो. या ठशाचे फोटो मागा. चांगला कारागीर ते आनंदाने देतो.

परत भरताना

तेल वरून ओतायचं नाही. खालच्या भोकातून हातपंपाने वर चढवायचं, म्हणजे हवा वरून निघून जाते. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू बंद करायचा, मग पंप काढून पटकन खालचा. आतलं तेल तोवर बाटलीत उलट्या धरलेल्या पाण्यासारखं अडून राहतं. दोन्ही स्क्रूंच्या चकत्या नव्या घाला, काही डॉलरची वस्तू आहे. व्होल्वोच्या काही ड्राइव्हना वर तेलकाठी असते, तिथे शेवटची पातळी तिने बघा. तेल उत्पादकाने सांगितलेलंच घाला. गाडीच्या गिअरबॉक्ससाठीच्या तेलात पाण्याविरुद्धची तयारी तितकी नसते. बदलायची मुदत साधारणपणे शंभर तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते.

भरण्याआधी खोक्यात हवेचा दाब देऊन गळती बघायला विसरू नका, तोही पुस्तकात दिला असेल तेवढाच, जास्त दाबाने चांगलं सील उलटं वळतं. दाब काही मिनिटं जसाच्या तसा राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावा, फुगा कुठे येतो ते दिसेल. त्याच वेळी रबरी भाता बघा. घड्या बोटांनी उघडून आतल्या बाजूला तडे आहेत का ते पाहायचं. काही उत्पादक तो दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात आणि ते अतिरेकी नाही, भाता फाटला तर आधी बेअरिंग जातं आणि मग बोटीतच पाणी येतं. ॲल्युमिनिअमच्या खोक्यावरचे बळी देण्याचे धातूचे तुकडे अर्धे झिजले असतील तर बदला: खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनिअम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम.

हे सगळं वसंतात करू म्हणून ठेवू नका. मिशिगन, मिनेसोटा किंवा ओंटारिओत राहत असाल तर मुळीच नाही. तळाशी बसलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि ॲल्युमिनिअमचं खोकं तडकवतं, आणि तोवर आतल्या दातांवर गंज चढायला पाच महिने मोकळे मिळालेले असतात. कोकणात कोणाच्या घरी मासेमारीच्या होडीला आऊटबोर्ड असेल तर त्यांना गोठण्याची भीती नाही, पण त्याच्या पायातला खालचा गिअर अगदी याच घराण्यातला आहे, आणि पावसाळ्यात होडी वर ओढण्याआधी तेल बदलण्याचा नियम तिथेही तसाच लागू होतो.

नवं तेल घातल्यावर वसंतात पहिले आठ-दहा तास बोट चालवा, ती रात्रभर उभी ठेवा, आणि तळाचा स्क्रू सैल करून पुन्हा चमचाभर थेंब काढा. ते मधासारखे स्वच्छ असतील तर मुलांना घेऊन लांब जायला हरकत नाही.